माहितीपत्रकाने अर्ज भरला जात नाही

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीतल्या खेड्यातून बारावी होऊन एखादी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेते, तेव्हा अनेकदा तिच्या घरातले कोणीही त्याआधी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते. मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय कसे निवडायचे, क्रेडिट (श्रेयांक) कमी पडले तर काय होते, एटीकेटी लागल्यावर, म्हणजे काही विषय मागे राहिल्यावर, पुढच्या वर्षाला बसता येते का, हे प्रश्न शिकलेल्या घरांत जेवता जेवता सुटतात. तिच्या घरी हे प्रश्न विचारायचे असतात, हेच कोणाला ठाऊक नसते. अशी मुले मध्येच शिक्षण सोडतात तेव्हा ‘त्यांना माहिती नव्हती’ असे म्हणून आपण सूचनाफलकावर आणखी एक कागद लावतो. संशोधनातून मिळालेले उत्तर वेगळे आहे.

अमेरिकेतील एरिक बेटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर-सल्ला केंद्रात आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना मुलांना किती आर्थिक मदत मिळू शकेल एवढेच सांगण्यात आले, तर काहींचा मदतीचा अर्ज कर्मचाऱ्याने तिथेच बसून भरून दिला. ज्यांचा अर्ज भरून दिला गेला, त्यांच्या बारावीतील मुलांपैकी पुढील तीन वर्षांत महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. ज्यांना केवळ माहिती मिळाली, त्यांच्यात मात्र काहीच फरक दिसला नाही.

हा निष्कर्ष विदर्भाला किती लागू आहे, हे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या अर्जावरून कळते. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठीही असलेल्या या योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक असल्यास तसे प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरला की तो आधी महाविद्यालय तपासते, त्रुटी असेल तर परत येतो, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण पुन्हा करावे लागते. प्रत्येक टप्पा सोपाच आहे, पण प्रत्येक टप्प्यासाठी तलाठी, सेतू केंद्र किंवा बँक यांच्याकडे एक फेरी पडते आणि मजुरी करणाऱ्या घरात फेरी म्हणजे बुडालेला रोज.

त्यातही ही धावपळ जून-जुलैत येते, म्हणजे बियाणे आणि खतासाठी घरातला सगळा पैसा बाहेर पडलेला असतो आणि सोयाबीन किंवा कापूस विकून हाती काही यायला दिवाळी उजाडायची असते. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियाइंग झाओ यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याच शेतकऱ्यांनी बौद्धिक चाचण्यांमध्ये काढणीपूर्वी, हात तंग असताना, काढणीनंतरच्या तुलनेत कमी गुण मिळवले. पैशाची विवंचना मनाची क्षमता व्यापून टाकते, असे त्यांनी सुचवले. हे लक्षात घेतले तर चुकलेल्या अर्जाला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अर्ज मार्गी लागला तरी ‘ही जागा आपली नाही’ ही भावना उरतेच. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात नव्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वर्षांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे अनुभव सुमारे तासभर ऐकले. एका गटासमोर वक्त्यांनी आपल्या घरची पार्श्वभूमी सांगून त्यामुळे काय अडले आणि कोणाची मदत घेतली ते सांगितले. दुसऱ्या गटासमोर तसाच सल्ला दिला, फक्त पार्श्वभूमी वगळली. पहिल्या गटातील पहिल्या पिढीच्या, म्हणजे घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या, विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांची आणि इतर सोयींची मदत अधिक घेतली आणि वर्षअखेरीस शिकलेल्या घरांतील मुलांशी असलेली त्यांची गुणांतील दरी ६३ टक्क्यांनी कमी झाली.

असा तास भरवायला आपल्या कोणत्याही महाविद्यालयाला निधी लागणार नाही. त्यासाठी त्याच तालुक्यातून आलेली, पहिल्या सत्रात नापास होऊन सावरलेली तृतीय वर्षाची मुलगी व्यासपीठावर हवी. गुणवत्ता यादीतला विद्यार्थी तिथे फारसा उपयोगाचा नाही. अर्जासाठीही प्राध्यापकाने संगणकासमोर विद्यार्थ्याच्या शेजारी बसावे, आणि एकदा बसून थांबू नये. नोंदवलेला मोबाइल वडिलांचा असेल, तर अर्ज परत आल्याचा संदेश शेतातच राहतो. महाविद्यालयाला मात्र आपल्या लॉगिनवर प्रलंबित अर्जांची यादी दिसते, आणि मुदत संपण्याआधी ती घेऊन कोणीतरी वर्गात जायला हवे.