रहस्यपट आणि नॉयर: खुनी सापडल्यावर पुढे काय?

बिली वाइल्डरच्या 'डबल इंडेम्निटी'त (१९४४) खुनी शोधावा लागत नाही. सिनेमा सुरू होतो न होतो तोच विमा एजंट वॉल्टर नेफ अपरात्री ऑफिसात शिरतो. खांद्यात गोळी घुसलेली. डिक्टाफोन (आवाज टिपून ठेवणारं यंत्र) पुढ्यात ओढतो आणि सगळं कबूल करून टाकतो: पैशासाठी आणि एका बाईसाठी माणूस मारला, पैसाही मिळाला नाही, बाईही नाही. रहस्यपटाच्या हिशेबाने खेळ इथेच आटोपला. नॉयर, म्हणजे गुन्ह्यात ओढल्या गेलेल्या माणसांचा काळोखा सिनेमा, इथून सुरू होतो.

हल्ली ओटीटीवर रात्र, पाऊस आणि सिगारेट ओढणारा इन्स्पेक्टर दिसला की मालिकेला 'नॉयर' म्हणून मोकळे होतात. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण खून, गुप्तहेर आणि खोटारडी माणसं दोन्हीकडे असतात. फरक बघायचा तर १९७४ सालचे दोन सिनेमे पुरेत: सिडनी ल्युमेटचा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' आणि रोमन पोलान्स्कीचा 'चायनाटाउन'.

पहिल्यात बर्फात अडकलेली गाडी, एक प्रेत आणि गुप्तहेर हर्क्युल पॉयरो. तो प्रश्न विचारतो, धागे जुळवतो, सगळ्यांना एका डब्यात बसवून उकल सांगतो. त्याच्या मिशीचा केससुद्धा विस्कटत नाही. खून झाला तो इतरांच्या आयुष्यात. पॉयरो बाहेर उभा राहून बघतो. शेवट सांगत नाही, सांगितला तर तुम्ही चिडाल आणि ते बरोबरच आहे.

'चायनाटाउन'चा मात्र बिनधास्त सांगतो. लॉस एंजेलिसचा खासगी गुप्तहेर जेक गिट्स पाण्याच्या एका भानगडीत नाक खुपसतो, तर एक गुंड चाकूने त्याची नाकपुडीच चिरतो (हा गुंड खुद्द पोलान्स्कीने केलाय). त्यानंतर बराच वेळ जॅक निकोल्सनसारखा स्टार नाकावर भलीमोठी पट्टी लावून वावरतो. दुष्काळात रात्री पाणी सोडून कोण देतंय, जमिनी वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर का होताहेत, सगळं तो शोधून काढतो. उपयोग? शून्य. ज्या बाईला वाचवायचं ती पोलिसांच्या गोळीने मरते आणि मूळ गुन्हेगार मोकळा राहतो. गिट्स हुशार आहे, पण त्याच्या हुशारीनेच संकट तिच्या दारापर्यंत पोचतं.

नॉयरची प्रकाशयोजना याच विचारातून येते, निदान चांगल्या सिनेमांत तरी. नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले वाइल्डर, फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिऑडमाक यांनी जर्मन सिनेमातल्या तिरक्या, लांब सावल्या हॉलिवूडमध्ये आणल्या. 'डबल इंडेम्निटी'त खिडकीच्या पट्ट्यांची सावली नेफच्या अंगावर पडते, तुरुंगाच्या गजांसारखी, आणि तेव्हा त्याने अजून काहीच केलेलं नसतं. त्या बाईच्या घरातली हवा कोंदट दिसावी म्हणून छायालेखक जॉन साइट्झ यांनी अॅल्युमिनियमची बारीक पूड हवेत उडवली होती. रहस्यपटाला असा अंधार परवडत नाही. तिथे पुरावा प्रेक्षकाला दिसायला हवा.

गंमत म्हणजे हे दिग्दर्शक आपण 'नॉयर' करतोय असं म्हणत नव्हते. युद्धानंतर हे अमेरिकी सिनेमे पॅरिसमध्ये एकदम झळकले, तेव्हा १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षकांनी हे नाव दिलं. आणखी एक हात लागला सेन्सॉरचा. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली होती. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. या सक्तीचं नॉयरने नशिबात रूपांतर केलं: नायक पहिल्या चुकीलाच संपलेला असतो. संहिता गेल्यावर 'बॉडी हीट'मध्ये (१९८१) जवळपास 'डबल इंडेम्निटी'सारखाच डाव टाकणारी बाई चक्क सहीसलामत सुटते.

सीमारेषेवरचेही आहेतच. 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) मध्ये खुनी सापडतो, पण सापडते ती नायकाचा जीव जडलेली बाई, आणि तिला पोलिसांच्या हवाली तोच करतो. मी त्याला नॉयरमध्येच धरेन.

आपल्याकडे गुरुदत्त यांचा 'बाजी' (१९५१) किंवा राज खोसला यांचा 'सी.आय.डी.' (१९५६) यांत क्लब, जुगार, सावल्या सगळं आहे. मला ते दिसायला नॉयर वाटतात, पण हिंदी सिनेमाचा नायक मनाने निर्मळच राहायला हवा, त्यामुळे विष पुरतं भिनत नाही. 'गुमनाम' (१९६५) तर सरळ रहस्यपट, एकेक जण मरत जाणारा. खरं नॉयर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवन यांना सापडलं. 'जॉनी गद्दार' (२००७) मध्ये गद्दार कोण हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. 'अंधाधुन' (२०१८) घडतो पुण्यातच. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक एका फ्लॅटमध्ये प्रेत बघतो आणि काही दिसलंच नाही अशा थाटात वाजवत राहतो. नंतर तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जातो, तर समोर त्याच खुनात सामील असलेला अधिकारी. रहस्यपटात हे ठाणं शेवटच्या दृश्यात आलं असतं, आणि तिथे पोचल्यावर नायक सुटला असता.