‘फॉरमॅट मारा’च्या मागचा इतिहास

विंडोज एक्सपीच्या काळातली, परभणीच्या वसमत रस्त्यावरील एका डीटीपी सेंटरमधली गोष्ट आहे. ऐन लग्नसराईत सी ड्राइव्ह भरला, म्हणून तिथल्या मुलाने लपवलेल्या फाइली दिसतील अशी व्यवस्था केली आणि ‘एनटीएलडीआर’ नावाची जेमतेम अडीचशे केबीची, अनोळखी दिसणारी फाइल काढून टाकली. संगणक दिवसभर बिनतक्रार चालला, कारण ती फाइल फक्त विंडोज सुरू होताना लागते. संध्याकाळी भारनियमनाची लाइट गेली आणि परत आल्यावर काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ एवढीच ओळ उमटली. गंमत अशी, की काढलेली फाइल त्याच डिस्कवर, रिसायकल बिनमध्ये शाबूत होती. मात्र रिसायकल बिन उघडायचे तर आधी विंडोज सुरू व्हायला हवे. “फॉरमॅट मारावं लागतंय बघा,” असे दुरुस्तीवाल्याने सांगितले, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकायचे. पत्रिकांची सगळी कामे डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हवरच होती.

हा सल्ला त्या काळात मराठवाड्यात सर्रास मिळे. तो का मिळे हे समजून घ्यायचे, तर अत्यावश्यक फाइलीची दुसरी प्रत प्रत्येक काळात कुठे ठेवलेली असे, ते पाहावे लागते.

विंडोजच्या आधीच्या, आदेश टाइप करून चालणाऱ्या एमएस-डॉसमध्ये ती फ्लॉपीवर असे. तिथे फाइल डिलीट केली की मजकूर पुसला जात नसे. डिस्कवरच्या फाइलींच्या यादीतल्या नावाचे पहिले अक्षर बदलून एक खूण टाकली जाई आणि ती जागा मोकळी धरली जाई. म्हणूनच १९९१ मधील डॉसच्या पाचव्या आवृत्तीतला ‘अनडिलीट’ आदेश फाइल परत देताना तिचे पहिले अक्षर वापरणाऱ्याला विचारत असे. डॉस सुरू करणाऱ्या फाइलींना मात्र एवढे पुरत नसे. जुन्या आवृत्त्यांत त्या यादीत अगदी पहिल्या जागी असाव्या लागत, त्यामुळे साध्या कॉपीने काम भागत नसे. फ्लॉपीवरून संगणक सुरू करून त्या फाइली योग्य जागी बसवणारा ‘सिस’ हा स्वतंत्र आदेश द्यावा लागे.

विंडोज ९८ मध्ये विंडोजच्या बिघडलेल्या फाइली शोधून मूळ प्रत परत बसवणारे सिस्टिम फाइल चेकर आले. २००० साली आलेल्या विंडोज २००० ने दुसरी प्रत थेट डिस्कवरच, ‘डीएलएलकॅश’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात आणून ठेवली. संरक्षित फाइल कोणी काढली, की तिची प्रत गुपचूप जागेवर येऊन बसे. अशा संरक्षणाची गरज किती खरी होती, ते लवकरच दिसले. २००१-०२ मध्ये ‘सल्फएनबीके’ आणि टेडी अस्वलाचे चित्र असलेली ‘जेडीबीजीएमजीआर’ या विंडोजच्याच निरुपद्रवी फाइली विषाणू असल्याची अफवा ईमेलने जगभर पसरली आणि अनेकांनी त्या स्वतःच्या हाताने काढल्या.

एनटीएलडीआरची प्रत मात्र डीएलएलकॅशमध्ये नसे. ती एक्सपीच्या मूळ सीडीवर असे. सीडीवरून संगणक सुरू करायचा, ‘आर’ दाबून रिकव्हरी कन्सोल या आदेश टाइप करून दुरुस्ती करण्याच्या पडद्यावर जायचे आणि ‘आय३८६’ फोल्डरातून एनटीएलडीआर व एनटीडिटेक्ट या दोन फाइली सी ड्राइव्हच्या मुळाशी कॉपी करायच्या, एवढेच दहा मिनिटांचे काम होते. परभणीचे ते सेंटर शेवटी असेच उभे राहिले, पण दोन दिवसांनी, नांदेडहून सीडी आल्यावर. आपल्याकडे अडचण ज्ञानाइतकीच सीडीचीही होती. जोडणी करून विकलेल्या संगणकांसोबत मूळ सीडी क्वचितच मिळे. दुरुस्तीवाल्याकडे असे ती एकच, हातोहात फिरून ओरखडे पडलेली, आणि तिच्यावरून नव्याने विंडोज टाकण्याची सवय त्याच्या हाताला झालेली असे. एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे तालुक्याच्या गावांतही संगणक हाताळणारे वाढले होते; सुटी फाइल परत आणणारे तितके वाढले नव्हते.

पुढे ही अडचण मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच बरीचशी दूर केली. व्हिस्टा या एक्सपीनंतरच्या आवृत्तीपासून सिस्टिम फाइलींची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या खात्याकडे गेली, त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटरलाही त्या सहज काढता येईनात. विंडोज ७ ने सुरुवातीच्या फाइली डिस्कच्या १०० एमबीच्या, सी-डी असे अक्षर न दिलेल्या वेगळ्या भागात हलवल्या. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये वैयक्तिक फाइली राखून विंडोज नव्याने बसवण्याची सोय आली आणि बिघडलेल्या फाइलींच्या प्रती इंटरनेटवरूनही आणता येऊ लागल्या. उलट, एसएसडी डिस्क आल्यावर अनडिलीटचा जुना आधार गेला, कारण काढलेल्या फाइलीची जागा ती डिस्क स्वतःच लवकर साफ करून टाकते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हा उपाय नेमका उलटा होता: सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच फाइलींवर विंडोज सुरू करून, एक फाइल काढायची. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे मजकूर कुलूपबंद करणारे साधन चालू होते, त्यांना त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की द्यावी लागली.

हीच की आता घरगुती लॅपटॉपलाही लागू लागली आहे, कारण विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की बहुतेक नव्या यंत्रांत डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) आपोआप चालू होते. सीडीची गरज संपली. संगणक सुरू करून देणारा बूटेबल पेन ड्राइव्ह प्रत्येक दुकानात आहे. पण विकताना लॅपटॉप चालू करून देणाऱ्या मुलाने ते खाते स्वतःच्याच ईमेलवर उघडलेले असेल, तर ते ४८ अंक त्याच्या खात्यात असतात, आणि तो मुलगा एव्हाना पुण्याला नोकरीला लागलेला असतो.