अलार्ममुळे स्मरणशक्ती आळशी होत नाही

"मोबाइलवर आठवणी लावून दिल्या की मेंदू आळशी होतो, त्याचं त्याला आठवू दे." डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या घरी हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. इंग्लंडमधल्या न्यूरोपेजच्या, म्हणजे पेजर या खिशातल्या छोट्या यंत्रावर आठवणीचे संदेश पाठवणाऱ्या सेवेच्या अभ्यासात (२००१) पेजरवर आठवण मिळू लागल्यावर, अभ्यास पूर्ण करणाऱ्या ८० टक्क्यांहून अधिक जणांना रोजची कामं जास्त जमू लागली. पेजर परत घेतल्यावरही अनेकांची सवय टिकली.

अलार्म फसतो तो मांडणीमुळे. नुसतं 'औषध' लिहू नका. 'निळा डबा उघड, सकाळच्या कप्प्यातली गोळी घे' असं लिहा, आणि माणूस डब्यापाशीच असेल अशी वेळ निवडा. बसमध्ये वाजलेला अलार्म बंद होतो, गोळी राहून जाते. गोळी गिळल्यावरच अलार्म बंद करायचा, हे रोज शेजारी बसून करून घ्यावं लागतं. 'आता काय करायचं?' याचा पेशंटला अंदाज करायला लावलं तर चूकच पक्की होते.

सुरुवातीला दोन-तीनच अलार्म. वेळ ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या तज्ज्ञाने) ठरवावी, शब्द स्पीच थेरपिस्टने. अलार्मचं कॅलेंडर सगळ्यांना दिसू द्या, पण बदल एकानेच करावेत. फिजिओ, बायको आणि भाऊ तिघांनी आपापले अलार्म लावले की पेशंट कंटाळून फोनच सायलेंटवर टाकतो.