वेगाच्या तक्त्यात न दिसणारा चर

नागपुरात गल्लीतला सिमेंट रस्ता पुरा झाला की लोकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आता हा फोडणार कोण? उत्तरासाठी फार थांबावं लागत नाही. पाण्याची लाइन, गडर लाइन, विजेची केबल, आणि मग कुठल्या तरी इंटरनेट कंपनीची माणसं नारिंगी पाइपाचं वेटोळं घेऊन हजर. कोणत्या देशात इंटरनेट किती चांगलं, याची चर्चा निघाली की आपण मोबाइलवर वेगाचे तक्ते उघडतो. माझ्या मते आधी त्यांनी रस्त्यात खणलेला तो चर बघायला हवा.

कारण खर्च तिथेच होतो. काचेची तार, म्हणजे फायबर, तशी स्वस्त असते. महाग असतं ते परवानगी काढणं, खणणं, पाइप टाकणं आणि रस्ता पुन्हा बुजवणं. युरोपीय संघाने २०१४ साली याबाबत एक निर्देश काढला, त्यामागचा हिशोबच असा होता की वेगवान जाळं उभारण्याच्या खर्चापैकी ८० टक्क्यांपर्यंत वाटा खोदकाम-बांधकामाचा असू शकतो. म्हणजे चार कंपन्यांनी एकच रस्ता चारदा खणला, तर सगळ्यात मोठा खर्च चारदा झाला. तो शेवटी बिलातूनच वसूल होतो, नाहीतर कंपनी त्या वस्तीकडे फिरकतच नाही.

स्टॉकहोमच्या नगरपालिकेने हे फार लवकर ओळखलं. स्वीडनने १९९३ मध्ये दूरसंचार क्षेत्र स्पर्धेला खुलं केलं आणि आता प्रत्येक जण शहर खणत सुटणार हे दिसू लागलं. १९९४ मध्ये शहराने स्टोकॅब नावाची स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. ती रस्त्याखाली फायबर टाकते आणि न पेटवताच भाड्याने देते. अशा रिकाम्या तारेला डार्क फायबर म्हणतात. भाडेकरूने आपली यंत्रं जोडून तिच्यात प्रकाश सोडायचा. घराघरांत इंटरनेट विकण्याच्या स्पर्धेत स्टोकॅब उतरत नाही, त्यामुळे तिच्याकडून तार घ्यायला कोणाला संकोच वाटत नाही. चर एकाचा, धंदा अनेकांचा.

दक्षिण कोरियाचं नाव निघालं की ‘तिथे दाटी आहे हो, म्हणून जमतं’ असं उत्तर हमखास येतं. अर्धं खरं आहे. उंच अपार्टमेंटच्या तळघरापर्यंत एक फायबर नेला की शेकडो घरं हाताशी येतात, आणि इमारतीतलं वायरिंग कसं आहे त्यानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत तिथे १९९९ पासून आहे. पण दाटीत नागपूर फार मागे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार २४ लाख माणसं, महापालिकेचं क्षेत्र सुमारे २१८ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण ११ हजार. सेऊलमध्ये हाच आकडा १५-१६ हजारांच्या घरात आहे. फरक मांडणीचा आहे. आपल्याकडे आधी लेआउट पडतो, मग घरं उठतात, मग गुंठेवारीत नियमितीकरणाच्या फायली फिरतात, आणि रस्ता, गडर, पथदिवे त्यानंतर कधीतरी. केबलवाला तोवर विजेच्या खांबावरून, कडुलिंबाच्या फांदीवरून आणि कोणाच्या तरी गच्चीवरून तार ओढून मोकळा झालेला असतो. त्याला तरी दोष काय द्यायचा?

दाटीचा मुद्दा उलटा फिरवून बघू. फिनलंडने १ जुलै २०१० पासून प्रत्येक नागरिकाला किमान १ एमबीपीएसच्या जोडणीचा कायदेशीर हक्क दिला, असं करणारा तो जगातला पहिला देश. त्या देशात चौरस किलोमीटरला जेमतेम १८ माणसं राहतात. आपल्या गडचिरोलीत २०११ साली ७४ होती, चौपटीहून अधिक. अर्थात फिनलंडचं उत्पन्न कितीतरी पट मोठं, बरीचशी वस्ती दक्षिणेकडे एकवटलेली, आणि गडचिरोलीत जंगलातून केबल न्यायची तर परवानग्यांचा वेगळाच डोंगर. तरीही ‘लोकवस्ती विरळ आहे’ हे एकटं कारण पुढे करणाऱ्याला हा आकडा ऐकवायला हरकत नाही.

आता ते तक्ते. त्यात तीन-चार गोष्टी सरमिसळ झालेल्या असतात. मोबाइलचा वेग आणि घरच्या तारेचा वेग वेगळा. भारतात ब्रॉडबँडची ९० कोटींहून अधिक कनेक्शनं आहेत, पण त्यात तारेची फक्त ४ कोटींच्या आसपास. उरलेला सगळा भार टॉवरवर, आणि आपल्या निम्म्याहून अधिक टॉवरपर्यंत अजून फायबर पोचलेलं नाही. शिवाय देशागणिक मोजपट्टी बदलते. भारतात २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँड. अमेरिकेत २०२४ पासून उतरता (डाउनलोड) वेग १०० आणि चढता (अपलोड) २० हवा. दरात मात्र आपण भल्याभल्यांना मागे टाकतो: सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये १ जीबी डेटा साधारण २६९ रुपयांना पडायचा, तो आता दहाच्या आसपास आला आहे.

सरासरी वेगात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तार किती वेळा तुटली. जेसीबीचा दात लागला आणि फायबर तुटला, की टोकं ओढून जुळत नाहीत. मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे एका घावामागे दोन सांधे. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो सुमारे ९ मायक्रॉनचा, मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. दोन गाभे समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. काम नीट झालं तर ०.१ डेसिबलहून (इथे प्रकाश किती घटला याचं माप) कमी प्रकाश वाया जातो. भर रस्त्यात, धुळीत, रात्री बॅटरीच्या उजेडात केलं तर कितीतरी जास्त.

हे डेसिबल मोजून-मापून वापरायचे असतात. एकच फायबर वाटून घरोघरी नेणाऱ्या जोडणीला जीपॉन म्हणतात; तिच्यात एकूण २८ डेसिबलपर्यंत घट चालते. १० डेसिबल म्हणजे दहावा भाग उरतो, २० म्हणजे शंभरावा. २८ ला निघताना होता त्याच्या सुमारे ६३०वा भाग पोचतो. यातले १७ डेसिबल एकच फायबर ३२ घरांत वाटणाऱ्या डबीत संपतात. उरलेल्या अकरांत अंतर, सांधे, कनेक्टरवरची धूळ आणि दाराच्या कोपऱ्यावर खिळ्याने करकचून वळवलेली तार, सगळं भागवायचं. त्या ३२ घरांचा मिळून वेग २.५ गिगाबिट, म्हणजे सगळ्यांनी एकदम ओढलं तर घरटी ७८ एमबीपीएस. नळ आल्यावर अख्ख्या गल्लीने टिल्लू पंप लावावेत, तसं रात्री नऊला होतं.

विजेचंही नातं आहे. जीपॉनच्या वाटेतल्या डबीला वीज लागत नाही, पण केबलवाल्याच्या गच्चीवरच्या स्विचपेटीला लागते. लाइन गेली की ती बॅटरीवर जगते. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं आणि मेमध्ये नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या पेटीत काय होत असेल, ते सांगायला नको.

भूगोलाबद्दल मात्र तक्रार करता येत नाही. समुद्राखालच्या केबल मुंबई-चेन्नईला किनाऱ्यावर येतात. काचेत प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून नागपूर ते मुंबई सुमारे ७०० किलोमीटर जाऊन परत यायला ७ मिलिसेकंद पुरतात. तुमच्या घरी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, ६० मिलिसेकंद दाखवत असेल तर त्यातले ५० तरी अंतराचे नाहीत. सर्व्हर भारताबाहेर असेल तर गोष्ट वेगळी.

नियम आता थोडे बदलत आहेत. खणण्याआधी इतर खात्यांना कळवण्यासाठी २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आलं, आणि मार्गाधिकाराचे, म्हणजे तार टाकायला रस्ता-जागा वापरण्याच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. तोवर आपल्या दाराशी किती प्रकाश पोचतो ते स्वतः बघता येतं. बऱ्याच फायबर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘आरएक्स पॉवर’ नावाची ओळ असते. आकडा उणे २० च्या आसपास असेल तर तार ठणठणीत. उणे २७ च्या जवळ असेल तर कंपनीच्या माणसाला ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका. आकडा वाचून दाखवा आणि सांधा तपासायला सांगा.