फंक्शनच्या पोटात फंक्शन : एका मांडणीचे तीन अर्थ

एक छोटा प्रयोग करून पाहा. ‘मोजणी’ नावाचं फंक्शन, म्हणजे नाव घेऊन चालवता येणारा कोडचा तुकडा, लिहा. त्यात ‘आकडा’ हे व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारं नाव, शून्यावर ठेवा आणि त्याच महिरपी कंसात ‘वाढव’ नावाचं दुसरं फंक्शन लिहा, जे आकड्यात एक मिळवून तो परत देतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत ‘मोजणी’कडून ‘वाढव’ रिटर्न करून (परत मिळवून) घ्या आणि ते तीनदा कॉल करा, म्हणजे चालवा. उत्तर येतं १, २, ३. ‘मोजणी’ पुन्हा कॉल केलं तर नवा मोजणारा मिळतो. तो १ पासून सुरू होतो आणि जुन्याला धक्काही लावत नाही.

हाच मजकूर पीएचपी या वेब सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत उतरवला की सगळं बिघडतं. ‘वाढव’ला बाहेरचा ‘आकडा’ दिसतच नाही. त्याचा स्वतःचा, कधीच न भरलेला आकडा असतो, त्यामुळे तिन्ही वेळा १ येतं आणि सोबत व्हेरिएबल सापडत नसल्याची तक्रार. पण खरी गंमत पुढे आहे. ‘मोजणी’ एकदा चाललं की ‘वाढव’ अख्ख्या प्रोग्राममध्ये कुठूनही नावाने हाकारता येतं. आणि ‘मोजणी’ दुसऱ्यांदा कॉल केलंत की प्रोग्राम जागीच मरतो, कारण ‘वाढव’ आधीच डिक्लेअर झालेलं (नावानिशी नोंदलेलं) आहे आणि पीएचपी ते पुन्हा होऊ देत नाही.

पोटकलम, पोटनियम तसं हे पोटफंक्शन. आत लिहिण्याची रीत दोन्हीकडे सारखी. मतभेद आहे तो एकाच प्रश्नावर : बाहेरच्या फंक्शनचं काम संपलं की त्याच्या व्हेरिएबल्सचं काय करायचं? हा प्रश्न वेबपेक्षा किमान तीस वर्षांनी जुना आहे.

१९६० साली अल्गोल ६० या भाषेचा अहवाल निघाला. तेरा जणांचं काम, संपादन पीटर नॉर यांचं. त्यात ब्लॉकमध्ये ब्लॉक आणि प्रोसीजरमध्ये (हे फंक्शनचंच तिथलं नाव) प्रोसीजर लिहायची मुभा होती, आणि आतल्या प्रोसीजरला बाहेरची नावं वापरता येत. कुठलं नाव कोणाचं, हे प्रोग्राम न चालवता नुसता वाचून ठरवता येई. आज आपण याला लेक्सिकल स्कोप म्हणतो. कागदावर हे सोपं वाटतं, कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांचा मात्र घाम निघाला. बाहेरची प्रोसीजर स्वतःलाच पुन्हा पुन्हा कॉल करू लागली की तिच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी जिवंत असतात, आणि आतल्या प्रत्येक प्रोसीजरने नेमक्या आपल्याच आवृत्तीतलं व्हेरिएबल उचलायचं असतं.

हे कोणाला जमतं आणि कोणाला नाही, हे उघडं पाडण्यासाठी डोनाल्ड क्नूथ यांनी १९६४ मध्ये जेमतेम काही ओळींचा एक प्रोग्राम दिला. नाव ठेवलं ‘मॅन ऑर बॉय’, म्हणजे कंपायलर बाप्या आहे की अजून पोरच आहे. ‘ए’ नावाच्या प्रोसीजरच्या पोटात ‘बी’, आणि दोघी एकमेकींना कॉल करत राहतात. क्नूथ यांनी हाताने काढलेलं उत्तर होतं उणे १२१. बरोबर उत्तर निघालं उणे ६७. परीक्षा काढणाराच चुकतो म्हटल्यावर कंपायलरांना फार बोलण्यात अर्थ नाही.

अल्गोलची एक सोय मात्र लक्षात ठेवायला हवी. तिथे प्रोसीजर दुसऱ्या प्रोसीजरला देता येई, पण रिटर्न करता येत नसे. म्हणजे आतली प्रोसीजर बाहेरचीपेक्षा जास्त जगूच शकत नव्हती. सगळी व्हेरिएबल्स स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या चवडीवर, रचायची आणि काम झालं की वरून काढून टाकायची, एवढ्यावर भागत होतं. १९७० मध्ये आलेल्या निकलाउस वीर्थ यांच्या पास्कलनेही हीच मर्यादा सांभाळली.

ज्या भाषेत फंक्शन हे आकड्यासारखंच इकडून तिकडे नेता येतं, तिथे ही मर्यादा टिकणार नव्हती. लिस्पचे जनक जॉन मॅकार्थी यांनी पुढे सांगितलेला एक प्रसंग आहे. एमआयटीत जेम्स स्लॅगल यांनी लिस्पमध्ये एक फंक्शन लिहिलं, ते भलतंच उत्तर देऊ लागलं, आणि ते तक्रार घेऊन आले. मॅकार्थींना वाटलं, किरकोळ बग आहे, स्टीव्ह रसेल काढून टाकतील. रसेल यांनी तोडगा काढलाही. पण तो बग नव्हताच, भाषेच्या मुळातला दोष होता. फंक्शनमध्ये आलेलं बाहेरचं नाव लिस्प जिथे फंक्शन लिहिलं तिथे न शोधता जिथून कॉल झाला तिथे शोधत होती. ‘फनार्ग’ या नावाने हा प्रश्न पुढे अनेक वर्षं गाजला.

उत्तराला नाव दिलं पीटर लँडिन यांनी, १९६४ मध्ये : क्लोजर. फंक्शनचा मजकूर आणि तो जिथे जन्मला तिथल्या व्हेरिएबल्सची पुरचुंडी, दोन्ही एकत्र बांधलेली. फंक्शन कुठेही गेलं तरी पुरचुंडी काखेत असते. अशा व्हेरिएबल्सना स्टॅकवर ठेवून चालत नाही. ती हीपवर, म्हणजे मेमरीच्या मोकळ्या भागात, ठेवावी लागतात आणि कोणालाच नको झाली की गार्बेज कलेक्टर या सफाई यंत्रणेने उचलावी लागतात. १९७५ मध्ये एमआयटीतच जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी स्कीम ही लिस्पची छोटी बोली तयार केली आणि तिच्यात अल्गोलचा लेक्सिकल स्कोप व लिस्पचं फिरतं फंक्शन एकत्र नांदायला लागले. सुरुवातीच्या प्रयोगातलं १, २, ३ हे उत्तर तिथून आलेलं आहे.

याच दशकात सी भाषेने दुसरी वाट धरली. डेनिस रिची यांच्या सीमध्ये फंक्शनच्या आत फंक्शन लिहिताच येत नाही. सगळी फंक्शन्स एका पातळीवर, पुरचुंडीचा प्रश्नच नाही. ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला निघालेल्या भाषेला हे शोभतंही. पण वेबच्या पहिल्या पिढीतल्या भाषा घडवणारे लोक याच सीच्या मुशीतले होते, आणि त्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत.

पर्लची गोष्ट मला यात सगळ्यात बोधक वाटते. पर्ल ५ मध्ये, १९९४ साली, बिननावाची फंक्शन्स खरीखुरी क्लोजर झाली. नाव असलेली मात्र नाहीत. नाव असलेलं फंक्शन एकदाच, कंपाइल होताना तयार होतं, म्हणून दुसऱ्या फंक्शनच्या पोटात ते लिहिलं तर बाहेरच्या व्हेरिएबलची पहिल्या खेपेची प्रत त्याला चिकटते आणि तीच कायम राहते. पर्ल तशी सूचना देते की हे व्हेरिएबल पुढे सामायिक राहणार नाही. मुळात असं लिहितं कोण, म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करत.

मग मॉड-पर्ल आलं. सीजीआय या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवण्याच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस उघडत असे. मॉड-पर्लने पर्ल थेट अपाचे सर्व्हरच्या आत बसवली, आणि जुन्या स्क्रिप्ट तशाच चालाव्यात म्हणून त्याचं रजिस्ट्री हे मॉड्यूल अख्खी स्क्रिप्ट एका फंक्शनमध्ये गुंडाळू लागलं. झालं! स्क्रिप्टमधली सगळी साधी फंक्शन्स लेखकाच्या नकळत पोटफंक्शन्स बनली. पहिली विनंती बिनबोभाट पार पडायची. दुसऱ्या विनंतीला आतलं फंक्शन पहिल्या माणसाचीच माहिती दाखवायचं. अपाचेच्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसमध्ये स्क्रिप्टची वेगळी प्रत, त्यामुळे पान रिफ्रेश करावं तसं उत्तर कधी बरोबर, कधी चूक. आपण लिहिलेलंच नाही असं नेस्टिंग (एकाच्या पोटात दुसरं) कोडमध्ये शोधायचं तरी कुठे?

पीएचपीने हा घोळ होऊच दिला नाही, पण वेगळ्या मार्गाने. तिथे फंक्शनला फक्त आपली लोकल व्हेरिएबल्स दिसतात. ग्लोबल हवं असेल तरी तसं सांगून मागावं लागतं. मग बाहेरच्या फंक्शनचं व्हेरिएबल आपोआप दिसण्याचा सवालच नव्हता. आणि फंक्शन डिक्लेअर करणं ही पीएचपीत प्रोग्राम चालत असताना घडणारी कृती ठरू शकते : त्या ओळीवर आलं की नाव सगळ्या प्रोग्रामच्या एकाच यादीत नोंदवलं जातं. ‘मोजणी’ दुसऱ्यांदा चाललं की तीच नोंद दुसऱ्यांदा करायला जातं, आणि म्हणून मरतं. याला वेडेपणा म्हणायची घाई करू नका. एखादी फाइल फंक्शनच्या आतून इन्क्लूड केली तरी त्या फाइलमधली फंक्शन्स सगळीकडे उपलब्ध व्हावी लागतात, आणि कितीतरी पीएचपी सॉफ्टवेअर आपले सुटे भाग असेच लोड करतं. कंसाच्या आत आहे म्हणून ते खासगी, असं पीएचपीने कधी म्हटलंच नव्हतं. ते आपण इतर भाषांमधून गृहीत धरून येतो.

जावास्क्रिप्टचा प्रवासही वाटतो तितका सरळ नाही. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांना नेटस्केपने घेतलं ते ब्राउझरमध्ये स्कीम आणायचं आमिष दाखवून. वरून आदेश आला की भाषा जावासारखी दिसली पाहिजे. मे महिन्यात दहा दिवसांत पहिला नमुना उभा राहिला. फंक्शन इकडून तिकडे नेता येणारं होतं, हा स्कीमचा वारसा. पण पोटफंक्शन्स आली ती जावास्क्रिप्ट १.२ मध्ये, १९९७ च्या नेव्हिगेटर ४ बरोबर. जून १९९७ च्या पहिल्या एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात ती नव्हती. डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती अधिकृत झाली. म्हणजे क्लोजरची भाषा म्हणून जिचं आज नाव आहे, तिची सुरुवातीची वर्षं पोटफंक्शनांशिवायच गेली.

पुढची दहा वर्षं लोकांनी या एका सोयीवर संसार केला. भाषेत ‘प्रायव्हेट’ नव्हतं, मॉड्यूल नव्हतं, ब्लॉकपुरतं व्हेरिएबलही नव्हतं. तिन्हींची उणीव फंक्शनच्या कंसांनी भरून काढली. फंक्शन लिहायचं, लगेच तिथल्या तिथे कॉल करायचं, आणि आतलं जे काही बाहेर द्यायचं तेवढंच रिटर्न करायचं. बाकी सगळं पुरचुंडीत लपलेलं. जुन्या लायब्ररी उघडून पाहा, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत हाच कंसांचा गुंता दिसेल.

त्याची किंमतही मोजावी लागली. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये बटणाला क्लिकचं पोटफंक्शन जोडलं की बटण फंक्शनला धरून बसे आणि फंक्शन पुरचुंडीतून बटणाला. जावास्क्रिप्टचा कलेक्टर एक, पानावरच्या घटकांचा हिशेब ठेवणारी यंत्रणा दुसरी. दोघांना एकमेकांची खातेवही दिसत नसल्याने ही जोडी कोणीच सोडवत नसे, आणि मेमरी गळत राही. ‘धिस’चं, म्हणजे चालू ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या शब्दाचं, आणखी वेगळं. बाहेरच्या मेथडमध्ये तो ऑब्जेक्ट, आतल्या साध्या फंक्शनमध्ये मात्र थेट ग्लोबल. त्यामुळे ‘दॅट’ किंवा ‘सेल्फ’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये तो आधी भरून ठेवायची सवय सगळ्यांच्या हाताला जडली. २०१५ च्या अ‍ॅरो फंक्शनने ती सोडवली.

लूपचा चकवा तर प्रत्येकाने एकदा खाल्लेला असतो. पाच बटणं, लूपमध्ये प्रत्येकाला फंक्शन जोडलं, कुठलंही दाबा, शेवटचाच आकडा येतो. कारण ‘व्हार’ने केलेलं व्हेरिएबल अख्ख्या फंक्शनसाठी एकच. पाचही पुरचुंड्यांत तोच आकडा बांधलेला, आणि क्लिक होईपर्यंत लूप संपून गेलेलं. २०१५ मध्ये ‘लेट’ आलं तेव्हा लूपच्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल द्यायचं मुद्दाम ठरवण्यात आलं. ‘इफ’च्या आत डिक्लेअर केलेल्या फंक्शनची कथा अशीच : प्रमाणकात त्याला जागाच नव्हती, पण सगळे ब्राउझर ते चालवून घेत, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. २०१५ च्या प्रमाणकाला त्या जुन्या पानांसाठी परिशिष्टात वेगळी तडजोड लिहावी लागली.

एवढं सगळं घडत असताना पीएचपीत बिननावाचं फंक्शन हवं असेल तर ‘क्रिएट फंक्शन’ला मजकूर स्ट्रिंग म्हणून द्यावा लागत होता. अवतरणचिन्हांच्या आत अवतरणचिन्हं सांभाळत कोड लिहिणं म्हणजे शिक्षाच. जून २००९ च्या पीएचपी ५.३ मध्ये खरी क्लोजर आली आणि तिथे भाषेने आपला स्वभाव सोडला नाही. बाहेरचं व्हेरिएबल आपोआप मिळणार नाही. ‘यूज’ लिहून त्याचं नाव घ्यावं लागेल, आणि मिळेल तीही फंक्शन तयार झालं त्या क्षणाच्या किमतीची प्रत. मूळ व्हेरिएबलच हवं असेल तर नावाआधी अँपरसँडचं (&) चिन्ह. मला हा निर्णय चांगला वाटतो. पुरचुंडीत काय बांधलं आहे ते पहिल्याच ओळीत वाचता येतं. जुनं ‘क्रिएट फंक्शन’ पीएचपी ८ मध्ये काढून टाकलं गेलं. नावाचं पोटफंक्शन मात्र आजही तसंच वागतं, दुसऱ्या कॉलला प्रोग्राम आजही मरतो.

सुरुवातीचा प्रयोग आता पीएचपीत पुन्हा करता येईल. ‘वाढव’चं नाव काढून त्याला क्लोजर करा, ‘यूज’मध्ये अँपरसँड लावून ‘आकडा’ द्या : १, २, ३. तेवढं एक चिन्ह राहिलं तर पुन्हा तिन्ही वेळा १, आणि या खेपेला तक्रारही येत नाही. २०१९ च्या ७.४ मधल्या आखूड ‘एफएन’ने लिहा. ‘यूज’ लिहावं लागत नाही, बाहेरची व्हेरिएबल्स आपोआप मिळतात, पण प्रतीच मिळतात. उत्तर तेच : १, १, १.