दिवा विझलेला आहे, म्हणून गाडी बरी आहे?

जुनी गाडी बघायला गेलात की इंजिन सुरू करायची घाई करू नका. चावी फक्त ‘ऑन’पर्यंत फिरवा आणि थांबा. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता बटण एक-दोनदा दाबलं की तेच होतं. डॅशबोर्डवर लाल-पिवळ्या दिव्यांची रांग उजळेल. गाडी आपले दिवे शाबूत आहेत का, ते दाखवत असते. इंजिन सुरू झालं की ते काही सेकंदांत विझायला हवेत. बहुतेक जण ते विझतात का एवढंच बघतात. मी आधी ते लागतात का ते बघतो. ‘चेक इंजिन’चा दिवा सुरुवातीला लागलाच नाही, तर एक तर तो उडालाय किंवा कोणीतरी मुद्दाम बंद केलाय. एअरबॅगच्या दिव्याचंही तसंच. त्यात धोका आणखी मोठा, कारण उघडून गेलेल्या एअरबॅगच्या जागी साधा रेझिस्टर जोडूनही तो दिवा विझवता येतो. गाडीला अपघात झाल्याची जरा जरी शंका असली, तरी एअरबॅग जाणकाराकडून तपासूनच घ्या.

लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल दिव्यांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तेलाच्या किटलीचं चित्र असलेल्या दिव्याची. ती तेलाची पातळी नव्हे, तेलाचा दाब सांगते. क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारी बेअरिंग यांच्यामध्ये दाबाखालच्या तेलाचा पातळ थर असतो. तो गेला की धातूवर धातू घासतो आणि थोड्या वेळात इंजिन कायमचं बिघडू शकतं. त्यामुळे ही किटली दिसली की गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं.

‘चेक इंजिन’ पिवळा असतो आणि त्याचा जन्म प्रदूषणाच्या नियमांतून झाला. अमेरिकेत १९९६पासूनच्या नव्या मोटारींना ओबीडी-२ ही, गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोडच्या रूपात नोंदवण्याची पद्धत सक्तीची झाली, पुढे ती जगभर पसरली. स्टिअरिंगच्या खाली सापडणारं सोळा पिनांचं सॉकेट आणि पाच अक्षरांचे कोड ही तिचीच देणगी. म्हणूनच ब्रेक पॅड झिजले तरी हा दिवा लागत नाही. तो प्रामुख्याने धुरात काय जातंय याची राखण करतो. तो लुकलुकायला लागला तर मात्र पिवळा असूनही गंभीर समजा. इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. ते न जळलेलं इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते.

त्या सॉकेटला स्कॅनर जोडला की कोड दिसतात, आणि ते वाचणं अवघड नाही. ‘पी ०३०१’ घ्या. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांत अर्थ एकच. तीन म्हणजे इग्निशन किंवा मिसफायर. शेवटचा एक म्हणजे पहिला सिलिंडर. पण पहिल्या सिलिंडरचा प्लग गेलाय की कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, ते यात कुठेही लिहिलेलं नाही. कोड म्हणजे लक्षण, निदान नव्हे, आणि ‘कोड आला, पार्ट बदला’ या सवयीने लोकांचे पैसे विनाकारण जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्कॅनरवर ‘एकही कोड नाही’ दिसलं तरी तेवढ्यावर समाधान मानू नका. कोड पुसायला एक बटण पुरतं. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. कन्व्हर्टर, धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर, इंधनाच्या टाकीतली वाफ यांच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला थंड इंजिन, ठरावीक वेग असं बरंच काही जुळून यावं लागतं, आणि त्यात कधी कधी काही दिवस जातात. स्कॅनरवर ‘रेडिनेस’ उघडा, म्हणजे या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते दिसेल. तिथे ‘अपूर्ण’ दिसलं तर हल्लीच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती.

मित्रासाठी एक गाडी बघायला गेलो होतो. कोड शून्य, तो खूश. रेडिनेसमध्ये कन्व्हर्टर आणि टाकीच्या वाफेची चाचणी अपूर्ण. कोड पुसल्यापासूनचं अंतर ९ किलोमीटर. मालकांना म्हटलं, आठवडाभर नेहमीसारखी चालवा, मग येतो. परत गेलो तेव्हा ‘पी ०१७१’ उभा होता, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी. या कोडवर पुष्कळदा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. आम्ही आधी ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ बघितला, म्हणजे कॉम्प्युटरला नेहमीपेक्षा किती जास्त इंधन द्यावं लागतंय तो आकडा. दहाच्या आत असला तर सहसा चिंता नसते. इथे इंजिन आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता नुसतं सुरू असताना तो अधिक २२ टक्के होता. अॅक्सिलरेटर दाबून इंजिन २५०० आरपीएमवर नेलं, तर घसरून ६वर आला.

खरी गोष्ट या फरकात होती. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठेतरी चोरटी हवा शिरत असेल, तर आयडलला इंजिन थोडीच हवा घेत असल्याने तिचा वाटा मोठा ठरतो. आरपीएम वाढले की एकूण हवा वाढते आणि तोच वाटा किरकोळ होतो. सेन्सरच बिघडला असता तर आकडा असा उतरला नसता. मग इनटेक मॅनिफोल्डपाशी, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांपाशी, एकेक रबरी पाइप वाकवून बघितला. तिसऱ्या पाइपच्या वळणावर नखाएवढी चीर उघडली. पाइप बदलून गाडी थोडी चालवली, आणि आयडलचा आकडा ३ टक्क्यांवर आला.