रंगफरक सूत्रे व दृष्टिसंवेदन

दोन नमुन्यांच्या रंगमापनावरून त्यांतील फरक एका आकड्यात (डेल्टा ई) मांडणारी सूत्रे. निरीक्षकाला दिसणारा फरक वाढेल त्या प्रमाणात हा आकडा वाढतो की नाही, एवढीच त्यांची कसोटी.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मॅकॲडम यांनी 1942 मध्ये दाखवले की, डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या फरकांची क्षेत्रे सीआयई (आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोग) च्या 1931 मधील रंग-आलेखावर लंबवर्तुळे होतात. हिरव्या भागात मोठी, निळ्यात बारीक. सीआयईलॅब (1976) या रंग-अवकाशात, म्हणजे प्रत्येक रंगाला त्रिमितीत एक बिंदू देणाऱ्या मांडणीत, ही विषमता घटली, मिटली नाही. त्यातला डेल्टा ई म्हणजे दोन बिंदूंमधले सरळ अंतर. करड्याजवळ 1 एककाचा फरक सहज खटकतो. भडक पिवळ्यात क्रोमा (रंगाचा भडकपणा) 3–4 एककांनी बदलला तरी पुष्कळदा लक्षात येत नाही.

पुढची सूत्रे, म्हणजे सीएमसी (1984), सीआयई94 आणि सीआयईडीई2000, याच अंतराला स्थानानुसार भार देतात. सीआयईडीई2000 मध्ये क्रोमाचा फरक (1 + 0.045 × सरासरी क्रोमा) ने भागतात, क्रोमा 100 असता भाजक 5.5 होतो. निळ्या भागातली लंबवर्तुळे तिरकी असल्याने तिथे वेगळे भ्रमण-पदही लागते.

सूत्राचा आकडा व निरीक्षकांना दिसणारा फरक यांची जुळणी 'स्ट्रेस' निर्देशांकाने मोजतात. 0 म्हणजे पूर्ण मेळ. सीआयईडीई2000 ज्यावर बेतले त्या एकत्रित माहितीसंचावर सीआयईलॅबचा स्ट्रेस सुमारे 44, सीआयईडीई2000 चा सुमारे 27 येतो. सुधारणा मोठी आहे, पण हा संच सूत्राच्या घरचाच. शिवाय निरीक्षकांचेही आपसांत एकमत नसते, तेव्हा शून्याची अपेक्षा व्यर्थ.

हा मेळ ठरावीक परिस्थितीपुरता : डी65 (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाणित) प्रकाश, 1000 लक्स, करडी पार्श्वभूमी, एकसंध व कडेला कड लावलेले नमुने, फरक 5 एककांच्या आत. नमुन्यांत फट ठेवली, पोत बदलला किंवा फरक मोठा झाला की आकडा भरवशाचा राहत नाही. समरूपी जोडीचा (एका प्रकाशात सारखी, दुसऱ्यात वेगळी दिसणारी जोडी) डी65 खालचा डेल्टा ई दुसऱ्या प्रकारच्या दिव्याखाली कामाचा नसतो.

आज्ञावलीतली नेहमीची चूक सरासरी रंगछटाकोनात (रंगचक्रावरील स्थान दाखवणारा कोन) होते : 350° व 10° यांची साधी सरासरी 180° येते, हवी असते 0°. शर्मा, वू व दलाल यांच्या 2005 मधील 34 चाचणी-जोड्यांवर आज्ञावली तपासल्याशिवाय वापरू नये. कापडासाठी उजळपणाच्या फरकाला भागणारा गुणांक 2 धरतात. तो न सांगता दिलेली सहनमर्यादा (चालवून घ्यायचा सर्वाधिक फरक) निरर्थक ठरते.